ओनोरीना गादीवाली आणि फोडीचा जिना

तोरीनोच्या वांकिल्या मोहल्ल्यात एक घर आहे. कागदोपत्री त्याला कुणा मालकाचं नाव असेल, पण ते कुणी उच्चारत नाही. सगळे त्याला ‘फोड’ म्हणतात. मक्याचा घट्ट पोलेंटा लाकडी पाटावर उलथावा आणि ताणलेल्या दोऱ्यानं त्याची फोड कापावी, तसं ते उभं आहे. एका अंगाला खोलीभर रुंद, मग निमुळतं होत होत दुसऱ्या टोकाला जेमतेम अडीच वीत. रंगही पोलेंटाचाच, पिवळा. मजले मात्र एकावर एक असे चढवलेले, की बांधणाऱ्याला कुणीतरी डिवचलं असावं. हे घर पडणार, आज नाही तर उद्या पडणार, असं आमच्या आज्या म्हणायच्या. आज्या गेल्या, युद्ध येऊन गेलं, बॉम्ब पडून गेले. फोड आहे तिथंच आहे.

या घराच्या नेमकी उलट अशी बाई म्हणजे ओनोरीना गारिल्यो. ती रुंद होती. लोक जाडी म्हणत, पण ज्यानं तिला काम करताना पाहिलंय त्याच्या तोंडी तो शब्द यायचा नाही. ती गाद्या करायची. युद्ध संपल्यावर जवळच्या चिवास्सो गावाहून हातगाडी घेऊन आली आणि मोहल्ल्यातल्या सगळ्या गाद्या तिच्या हाताखालून जायला लागल्या. थंडी सरली की घरोघरच्या लोकरीच्या गाद्या खाली यायच्या. ओनोरीना फुटपाथवर तिचा पिंजणीचा बाक मांडायची, खोळ उसवायची, वर्षभर अंगाखाली दबून ढेकळं झालेली लोकर पिंजून पिंजून मोकळी करायची, धुतलेल्या खोळीत पुन्हा भरायची आणि हातभर लांब दाभणानं टाके घालायची. ती बाकावर बसून पिंजायला लागली की लोकर वर उडायची आणि तिच्या केसांवर, भुवयांवर बसायची. बाजूनं जाणारी माणसं तिला म्हणायची, “काय ओनोरीनाबाई, बर्फ पडलं वाटतं?” आणि ती म्हणायची, “पडलं खरं. तुमच्या बायकोनं गादी तीन वर्षं उसवली नाही म्हणून एवढं साचलंय.”

जिभेला अशी धार होती, पण खुर्चीत बसायचं म्हटलं की ओनोरीनाची पाचावर धारण बसायची. हातवाली खुर्ची असेल तर ती बसतच नसे. कारण सांगायची नाही, कंबर दुखते म्हणायची. खरं कारण चिवास्सोत राहिलं होतं. तिथं बाविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं, एका धान्यवाल्याच्या मुलाशी. पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेली तेव्हा होणाऱ्या सासूनं मानाची म्हणून हातवाली खुर्ची पुढं केली. जेवण झालं, ओनोरीना उठली, आणि खुर्चीही तिच्याबरोबर उठली. पाहुणे हसले ते ठीक. सासू हसली तेही ठीक. पण तो मुलगा, तोही हसला, आणि सगळ्यांत शेवटी थांबला. ते लग्न तिनंच मोडलं. मात्र त्या दिवसापासून कुठल्याही अरुंद गोष्टीसमोर उभी राहिली की तिला ते हसू ऐकू यायचं. ट्रामच्या दारात यायचं, पापनिवेदनाच्या खोक्यासमोर यायचं. माणूस मोठं होतं, हातातलं कसब मोठं होतं, पण असली जखम वयानं मोठी होत नाही. ती बावीसचीच राहते.

अशा बाईला फोडीतली गादी मिळाली.

फोडीच्या चौथ्या मजल्यावर एवाझियो व्हिएत्ती राहायचा. हातमोजे कापणारा. तो हडकुळा, उंच, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस. त्याच घरात जन्मलेला, आई गेल्यापासून एकटा. दिवसभर निमुळत्या टोकाच्या खिडकीशी बसून मऊ चामडं ताणायचा आणि बोटं कापायचा. मोहल्ल्यात कुणाला विचारा, एवाझियो कसा आहे, तर म्हणतील, “चांगला आहे. आहे का पण?” इतका तो अबोल होता.

फोडीच्या जिन्यातून गादी खाली येत नाही, पलंग वर जात नाही, कपाटाचं तर नावच नको. सगळं खिडकीतून. वरच्या मजल्याच्या खिडकीवर लोखंडी आकडा आहे, त्याला कप्पी, कप्पीतून दोर. पहिल्या वर्षी एवाझियोनं दोरानं गादी खाली सोडली आणि ओनोरीनानं ती पाहून कपाळावर हात मारला. गादी वाकडी होती. उशाकडे रुंद आणि पायाकडे निमुळती होत गेलेली.

“कुणी शिवली ही?” तिनं खालच्या मजल्यावरच्या सेकोंदाला विचारलं. सेकोंदा म्हणजे फोडीची दारवान. दारालगतच्या कोठडीत बसून तिला सगळ्या मोहल्ल्याची खबर असायची, आणि जी नसायची ती ती तयार करायची.

“आधीचा गादीवाला होता एक. प्यायचा.”

“दिसतंय.”

बिचाऱ्या माणसाला प्यायलेल्यानं फसवलं, असं वाटून ओनोरीनाला एवाझियोची कीव आली. तिनं स्वतःच्या गाठोड्यातलं कापड काढलं, पायथ्याकडे दोन्ही बाजूंना तिकोनी पट्ट्या जोडल्या, पदरची लोकर भरली आणि गादी चारी कोपरे सरळ करून, छान चौकोनी करून वर पाठवली. वर पैसे घेतले नाहीत. करायला गेली एक आणि झालं भलतंच. ती गादी वाकडी नव्हती, खोली वाकडी होती. एवाझियोच्या बापानं लग्न झाल्यावर त्या निमुळत्या खोलीच्या मापाचा पलंग खोलीतच ठोकून घेतला होता. त्या पलंगाच्या पायथ्याशी चौकोनी गादी मावणार कशी? गादीनं पायथ्याकडे उंटासारखा उंचवटा काढला.

हे ओनोरीनाला कळलं ते पुढच्या मे महिन्यात, सेकोंदाकडून. सेकोंदानं ते असं हसून सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं हिनं वर्षभर जपून ठेवलं होतं. ओनोरीनाचा चेहरा लाल झाला. एवाझियो गादी सोडायला खिडकीशी आला तेव्हा तिनं खालूनच, पण मानानं विचारलं, “मोन्सू एवाझियो, वर्षभर तुम्ही या गादीवर झोपलात?”

“झोपलो.”

“पाय वर आणि डोकं खाली?”

“डॉक्टर म्हणतात चांगलं असतं. रक्त डोक्याकडे जातं.”

“कोणता डॉक्टर म्हणतो?”

एवाझियोनं हातातला दोर सारखा केला. मग म्हणाला, “तुम्ही पदरची लोकर घातली होती, ओनोरीनाबाई. तुम्हाला कसं सांगायचं मग?”

त्या वर्षी तिनं त्याची गादी उसवून पुन्हा पायथ्याकडे निमुळती शिवली. मी तर म्हणेन तिथंच सगळं ठरलं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कुणी वर्षभर उंटावर झोपलं, हे बाईमाणूस विसरत नाही.

मग दर वर्षी फोडीतली गादी करायला तिला जास्त दिवस लागू लागले. एक दिवसाचं काम तीन दिवस पुरायचं. दुपारी एवाझियो दोराला टोपली बांधून कॉफी खाली सोडायचा, कारण जिन्यातून कप आणला की कोपरं भिंतीला लागून अर्धी सांडायची. दुसऱ्या वर्षी कॉफीबरोबर ग्रिसिनी, पावाच्या कुरकुरीत काड्या, आल्या. तिसऱ्या वर्षी हिरव्या चटणीत मुरवलेली खारी मासळी आली, आणि चौथ्या वर्षी टोपलीच्या मागोमाग एवाझियो स्वतः खाली येऊ लागला. तिच्या बाकाच्या टोकाशी बसायचा. ती पिंजायची, तो बघायचा. लोकर त्याच्याही भुवयांवर बसायची.

“वर या की एकदा,” तो दर वर्षी म्हणायचा. “वरून पो नदी दिसते. टेकडीवरचं सुपेर्गाचं देऊळ दिसतं.”

“मला वर काय काम आहे? गादी तर खालीच येते.”

आणि ती दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

खरी गोष्ट अशी की तिला वर जायचं होतं. फार जायचं होतं. काम करताना ती त्या खिडकीकडे इतक्यांदा बघायची की मान दुखायची. पण त्या घराच्या जिन्याबद्दल मोहल्ल्यात एक गोष्ट प्रसिद्ध होती. फादर प्रोस्पेरोंची गोष्ट. ईस्टरच्या आधी आमच्याकडे पाद्री घरोघर जाऊन घराला आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात. फादर प्रोस्पेरो सगळ्यांच्या घरी जायचे, पाचव्या मजल्यांवरही धापा टाकत जायचे. फोडीच्या मात्र ते दारातच उभे राहायचे, मान वर करून सगळ्या मजल्यांना एकदम आशीर्वाद द्यायचे आणि सेकोंदाच्या कोठडीत बसून तिच्याकडच्या वर्मुथ वाइनचा पेला घ्यायचे. कारण असं, की काही वर्षांपूर्वी म्हणे ते वर चढायला गेले आणि दुसऱ्या वळणावर अडकले. ना वर ना खाली. शेवटी सेकोंदानं भिंतींना साबण फासला, तेव्हा कुठं सुटले. सेकोंदा ही गोष्ट सांगायची तेव्हा साबणाचा छापही सांगायची.

फादर प्रोस्पेरो गोल होते, यात वाद नाही. पण ओनोरीना दर रविवारी प्रार्थनेला त्यांच्या समोर बसून मनातल्या मनात त्यांचं माप घ्यायची. गादीवालीची नजर, ती चुकायची नाही. तिच्या हिशेबानं फादर तिच्यापेक्षा चार बोटं कमी होते. जो जिना चार बोटं कमी असलेल्याला सोडत नाही, तो तिला काय सोडणार? ती अडकणार. साबण आणणार. मोहल्ला जमणार. आणि वळणावर वरच्या बाजूला एवाझियो उभा असणार, आणि तोही हसणार. दुसरं सगळं ती सोसू शकली असती, पण तो हसला असता तर नाही.

पाचव्या वर्षी, गादीचे शेवटचे टाके चालू असताना, एवाझियो बाकाच्या टोकाशी बसला होता. मग हातातल्या चामड्याच्या तुकड्याकडे बघत म्हणाला, “आई म्हणायची, या पलंगावर अबोला टिकत नाही. डोकी कितीही लांब ठेवा, पाय ठेवायला दुसरी जागाच नाही.”

ओनोरीनाचं दाभण हातातच राहिलं.

“ओनोरीनाबाई, मला बोलता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. मी पाच वर्षं मे महिन्याची वाट बघत जगतोय. बाकीचे अकरा महिने मला नकोत असं नाही, पण ते मेसारखे झाले तर बरं होईल.” एवढं बोलून त्याला घाम आला. “लग्न कराल का माझ्याशी?”

ओनोरीना म्हणाली, “नाही.”

त्यानं चामड्याचा तुकडा घडी करून खिशात ठेवला.

“तुमच्यात काही कमी नाही,” ती म्हणाली. “मला तो जिना चढायचा नाही. बस. पुढं विचारू नका.”

गादी दोराला बांधली, तो वर गेला, त्यानं ती ओढून घेतली आणि खिडकी लावली. त्या दिवशी ओनोरीना हातगाडी ढकलत घरी गेली तेव्हा वाटेत तिला तीन माणसांनी हाका मारल्या, तिनं एकालाही ओ दिली नाही. घरी जाऊन ती पलंगावर बसून रडली. चांगली मोठ्यानं रडली. शेजारणीनं भिंत ठोकली तेव्हा थांबली.

यात आपला एवाझियो काय समजला ते पाहा. गरीब माणूस, तो समजला, हिला माझं घर आवडत नाही. कुणाला आवडेल? जन्मापासून ऐकत आला होता की हे घर म्हणजे थट्टा आहे. त्यानं दोन आठवडे चामडं कापलं, विचार केला, आणि नदीपलीकडे तळमजल्यावर दोन खोल्या बघून आला. रुंद दार, रुंद खोल्या, जिना नाही. शनिवारी दुपारी तो फोडीची किल्ली मालकाच्या मुनिमाला देऊन टाकणार होता. मग ओनोरीनाकडे जाऊन पुन्हा विचारणार होता.

ही बातमी शनिवारी सकाळी बाजारात सेकोंदानं ओनोरीनाला दिली, कोबीच्या ढिगापाशी उभं राहून.

“ऐकलंस? तुझा एवाझियो फोड सोडतोय.”

“माझा कुठला आलाय?”

“बरं, कुणाचाही असो. आज किल्ली देणार. नदीपलीकडे घेतलंय घर. दमट आहे, म्हणाला, आणि उजेड नाही. मी म्हटलं, अरे, उजेड नाही तर तू बोटं कशी कापणार? तुझी बोटं कापशील. तर म्हणतो, दिवा लावीन.” सेकोंदानं कोबी उलटसुलट करून पाहिला. “बापाचं घर, आईचं घर. पलंग तर निघणारच नाही, तोडावा लागेल. आणि हे सगळं कशासाठी, ते तुलाच ठाऊक.”

ओनोरीनाला कोबीवाल्यानं काय भाव सांगितला तो ऐकू आला नाही. एवाझियोचं काम म्हणजे उजेडाचं काम, हे तिला पाच वर्षांत कळलं होतं. त्या घरात दोन्ही बाजूंनी खिडक्या, मधे अंतर नाही, त्यामुळे त्याच्या हातावर सावली पडत नसे. तो म्हणायचा, तोरीनोत असं टेबल दुसरं नाही. आणि हा माणूस तिच्या रुंदीपायी तळघरासारख्या खोलीत दिवा लावून बसणार. तिला स्वतःचाच राग आला. पण जाऊन सांगायचं तर काय सांगायचं? ‘घर सोडू नका, मी जाडी आहे’?

ती देवळात गेली. फादर प्रोस्पेरो एकटेच मेणबत्तीदाण्यांवरचं मेण सुरीनं खरवडत बसले होते.

“फादर, एवाझियो व्हिएत्तीला समजवा. तुमचं ऐकेल. म्हणावं, घर सोडू नकोस.”

“का सोडतोय तो?”

ओनोरीनानं आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. सगळं एका दमात, लग्नाचं विचारलं ते, नाही म्हटलं ते.

“पण पोरी, तुला तो आवडतो ना?”

“आवडतो.”

“मग?”

“मग काय, फादर? तुम्ही मला विचारता?” तिला आता लाज उरली नव्हती. “तुम्ही जिथं अडकलात तिथं मी कशी जाणार? तुमच्यापेक्षा मी चार बोटं जास्त आहे. मी मापलंय.”

फादर प्रोस्पेरोंच्या हातातली सुरी थांबली. ते आधी गुलाबी झाले, मग लाल, आणि मग असे दिसू लागले की ओनोरीनाला वाटलं यांना काही होतंय.

“तू त्यासाठी नाही म्हणालीस?” ते म्हणाले.

“मग कशासाठी म्हणणार?”

फादर उठले, दाराकडे बघून आले, पुन्हा बसले. “ओनोरीना, मी अडकलो नव्हतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरसुद्धा कधी पाय ठेवलेला नाही. मला भीती वाटते. ते घर पडेल अशी भीती वाटते. लहानपणी आजीनं मनात भरवलंय, ते जात नाही. सगळ्यांना सांगतो, देवावर भरवसा ठेवा, आणि मला स्वतःला त्या भिंतीवर भरवसा ठेवता येत नाही. सेकोंदानं साबणाची गोष्ट काढली तेव्हा मी गप्प बसलो. मला वाटलं, भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा जाडा बरा. तेवढंच लोक हसतात, हसू देत.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “त्या हसण्यानं दुसऱ्या कुणाचं काही जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला माफ कर.”

ओनोरीना त्यांच्याकडे बघत राहिली. पाच वर्षं ती या माणसाचं माप घेत होती. माप बरोबर होतं. माणूस जिन्यात गेलाच नव्हता.

“शपथ घेऊन सांगता?”

“आता शपथ कसली घालतेस, मीच सांगतोय ना.”

“मग मी मावेन?”

फादर प्रोस्पेरो खरं बोलायला लागले होते, त्यांना आता थांबता येईना. “ते मला नाही माहीत, पोरी,” ते म्हणाले. “ते कुणालाच माहीत नाही. कुणी पाहिलंय?”

तेवढ्यात बाराची घंटा व्हायला लागली. मुनिमाचं कार्यालय दुपारी बंद होतं, त्याआधी एवाझियो निघणार. ओनोरीना बाजाराची पिशवी फादरांच्या बाकावरच टाकून निघाली. ती धावली असं कुणी म्हणणार नाही, पण तिला वाटेतून बाजूला झालेली माणसं सांगतात की तशी बाई त्यांनी आधी पाहिली नव्हती. भिंती उभ्या राहतात आणि माणसं बाजूला होतात, एवढाच फरक.

फोडीच्या दारात सेकोंदा भाजी निवडत बसली होती.

“तो आहे वर?”

“आहे. निघतोच म्हणाला. पण तू कुठं चाललीस?” सेकोंदानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या तोंडावर ते जुनं हसू यायला लागलं. “मी साबण आणू?”

“तुझा साबण मी देवळात पाहून आले,” ओनोरीना म्हणाली. “फादर प्रोस्पेरोंनीच दाखवला. बाजूला हो.”

सेकोंदानं भाजी उचलून वाट करून दिली.

जिना दगडी, उभा आणि अंधारा. पहिल्या चार पायऱ्यांवर ओनोरीनाचे दोन्ही दंड दोन्ही भिंतींना लागले. ती थांबली. तिनं एक दंड मागं घेतला, एक पुढं, आणि थोडी तिरपी होऊन चढायला लागली. गादी खिडकीतून आत घेताना असंच करतात. सरळ रेटली की अडते, तिरकी केली की येते. भिंतीचा चुना तिच्या बाह्यांना लागला. दुसरं वळण आलं, जिथं फादर अडकले नव्हते ते. तिथं तिनं श्वास आत घेतला, पोट भिंतीला घासलं, ॲप्रनचं एक बटण तुटून खाली टपटपत गेलं. पुढची पायरी आली. ती वर होती आणि वळण खाली होतं. ती तिथं भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू. अडकली नव्हती. सत्तावीस वर्षं ती अडकली होती ती एका खुर्चीत, जिन्यात नाही.

तेवढ्यात वर दार वाजलं. पावलं खाली येऊ लागली. ती तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर होती आणि एवाझियो चौथ्यावरून उतरत होता, काळा कोट घातलेला, हातात किल्ली. वळणावर आला आणि त्याला ती दिसली. चुन्यानं पांढरी, लाल झालेली, धापा टाकणारी. तिनं जिना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून टाकला होता. दोन्ही बाजूंना बोट घालायला जागा नव्हती.

ओनोरीना त्याच्या तोंडाकडे बघत होती. दुसरं काहीच बघत नव्हती.

एवाझियो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले.

“तुम्ही वर आलात,” तो म्हणाला.

“तुम्ही कुठं निघालात?”

“किल्ली द्यायला. बारा वाजून गेले, मुनीम जाईल. मी तुमच्यासाठी तळमजल्यावर...”

“माहीत आहे मला तुमचा तळमजला. मला नको तो. तुमचं घर माझ्यापायी सुटलं, असं मी मोहल्ल्याला म्हणू देणार नाही. आणि दिव्याखाली बसून तुमचे डोळे जातील, मग गादी सरळ आहे की वाकडी तेही कळायचं नाही.” तिला दम लागला. “मी जिन्याला भीत होते, एवाझियो. घराला नाही. तुम्ही हसाल म्हणून भीत होते. आता वर चला.”

“पण मुनिमाला सांगून ठेवलंय. निदान जाऊन निरोप तरी...”

“जायचंय ना?” ओनोरीना म्हणाली. “जा की. कुठून जाताय ते दाखवा.”

आणि तिनं दोन्ही दंड पुन्हा पसरले, पार भिंतींना टेकवले, जेवढी होती तेवढी पूर्ण रुंद होऊन उभी राहिली. आयुष्यभर ती स्वतःला आवरून, आखडून, पोट आत घेऊन जगली होती. त्या दुपारी पहिल्यांदा तिला वाटलं, आपण आहोत त्यापेक्षा चार बोटं आणखी असतो तरी चाललं असतं.

एवाझियोनं खाली बघितलं, तिच्याकडे बघितलं. खाली सेकोंदा काहीतरी ओरडत होती, ते कुणी ऐकलं नाही. त्या जिन्यात पाठ फिरवायलाही जागा नाही. त्यानं किल्ली खिशात टाकली, एक हात भिंतीवर ठेवला आणि दुसरा तिच्यापुढं केला, आणि तिच्याकडे तोंड करूनच, उलटा, एक एक पायरी वर चढायला लागला.